गुनवोरच्या कपाळावरचे पट्टे

स्कार्डनेस,
१० जानेवारी, दुपार (घड्याळात तरी दुपारच आहे)

प्रिय मेहुणेबुवा आर्नुल्फ यांस,

ओडवारचा नमस्कार. उन्हात बसला असशील तर टोपी काढू नकोस, नमस्कार पोचला असं मी धरून चालतो. तुझा गुडघा कसा आहे? स्पेनमध्ये गुडघे आपोआप बरे होतात असं तू जाताना म्हणाला होतास, त्याला आता सात वर्षं झाली. बाल्कनीतल्या लिंबाच्या झाडाला लिंबं धरली का, रक्तदाब उतरला का, शेजारची ती जर्मन बाई अजून पहाटे सतरंज्या झटकते का, सगळं सविस्तर कळव. इकडे मी ठीक आहे. डावा खांदा दुखतो. (चाळीस वर्षं कॅमेरा वाहिला उजव्याने, आणि तक्रार करतोय तो डावा. घरोघरी असंच असतं म्हणा.) सूर्य जाऊन सात आठवडे झाले, यायला अजून तेरा दिवस आहेत, आणि अंगणातला बर्फ पोस्टाच्या पेटीच्या गळ्यापर्यंत आलाय.

सप्टेंबरात माझ्या बायकोला, तुझ्या बहिणीला, गुनवोरला शेवटचा निरोप दिला त्या दिवसापासून आपण एकमेकांशी बोललेलो नाही, हे मला ठाऊक आहे आणि तुलाही. तो विषय मी या पत्रात काढणार नाही. (पुढे जरा काढावा लागेल, पण ते त्या वेळी बघू.) हे पत्र निव्वळ तांत्रिक आहे. दोन कॅमेऱ्यांची तुलना करण्याचं काम माझ्यावर आलंय, आणि सबंध उत्तर नॉर्वेत ती वाचून ज्याला राग येईल असा माणूस उरलेला नाही. राग येण्यासाठी आधी विषय कळावा लागतो. म्हणून तुला लिहितो.

झालं असं, की नोव्हेंबरच्या शेवटी मारेनबाई आल्या. आपल्या पोस्टमास्तरीण मारेन. आता निवृत्त झाल्यात, पण गावाला अजून टपालासारखंच वागवतात, छाप मारून पुढे ढकलायचं. सूर्य परतला की साजरा करायचा त्या सूर्यदिनाच्या समितीच्या अध्यक्ष सध्या त्याच. म्हणाल्या, यंदा गावघरात सगळे जमतील तेव्हा जुन्या सूर्यदिनांची दहा मिनिटांची फिल्म दाखवायची, आणि यंदाचंही चित्रण करायचं. त्यासाठी समितीला कुठूनशी दोन वापरलेली, पण धंदेवाईक यंत्रं मिळाली आहेत, त्यांतलं कुठलं ठेवायचं ते तू ठरव. आणि अट एकच: फिल्ममध्ये गुनवोर दिसली पाहिजे. तिने अठ्ठावीस वर्षं या गावाला जॅम भरलेले गोल सोलबोले तळून घातले, तिच्याशिवाय हा पहिला सूर्यदिन, तेव्हा लोकांना ती परात घेऊन हसताना बघू दे, असं त्या म्हणाल्या आणि लगेच चष्मा पुसायला लागल्या. मी म्हटलं, त्यात काय, १९८९ ते २०१२ दर सूर्यदिनाची माझी स्वतःची टेप कपाटात आहे, चोवीस वर्षांची गुनवोर देतो. अगदी छाती पुढे काढून म्हटलं. ते वाक्य तू लक्षात ठेवू नकोस.

तर तुलना. पहिला कॅमेरा आपल्या जुन्यासारखा, म्हणजे माझ्या बाजूचा: डाव्या अंगाला सगळी बटणं, हातमोजा घालूनही सापडतात. भिंगाच्या मागे काळ्या काचांचं चाक, चार घरांचं, टक्-टक् आवाज करत फिरणारं. भिंगातून उजेड कमीजास्त सोडणाऱ्या आयरिसच्या कड्यावर आकडे कोरलेले, त्यामुळे बोटाला कळतं की आपण कुठे आहोत. दुसरा नव्या वळणाचा, म्हणजे तुझ्या बाजूचा: जे हवं ते पडद्यावरच्या यादीत शिरून शोधायचं, आणि आयरिसचं कडं गोल गोल फिरतच राहतं, ना सुरुवात ना शेवट. (समितीच्या बैठकीसारखं.) उजेड कमी पडला की हा पठ्ठ्या न विचारता स्वतःच गेन, म्हणजे उजेडाची कृत्रिम भर, वाढवतो आणि चित्रात वाळू ओततो. पांढरा रंग पांढरा दाखवायला दोघांनाही कोरा कागद दाखवला. पहिल्याला निमूट पटला, दुसऱ्याने मला खिडकीतल्या निळ्या बर्फाविषयी तीन प्रश्न विचारले. लखलखीत भाग फाटू न देता हळूच वाकवून घेणारं जे बटण असतं, ते पहिल्यात माझ्या हातात, दुसऱ्यात त्याच्या मर्जीवर. हे सगळं मी चौकटी आखून, सुवाच्य अक्षरात सात पानांवर लिहिलं. तू वाचलं असतंस तर तिसऱ्या पानावर पेन फेकलं असतंस.

नुसत्या खिडकीवर चाचणी करून भागत नाही, समोर माणूस लागतो. पेडेरला बोलावलं. आता बोट विकलीये त्याने, दिवसभर धक्क्यावर उभा राहून दुसऱ्यांच्या बोटींना नावं ठेवतो, त्यामुळे मोकळाच असतो. त्याला दक्षिणेच्या खिडकीत पाठ करून बसवला, हातात एक सोलबोला दिला, आणि दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी मांडले. या दिवसांत अकरा ते एक बाहेर कसं असतं ते तू विसरला नसशील. सूर्य नाही, पण डोंगराच्या कडेवर गुलाबी पट्टा असतो आणि खाली फ्योर्डचं पाणी शाईसारखं. पेडेर पाऊण तास बसला. मग म्हणाला, "ओडवार, तू माझा फोटो काढतोयस की मला वाळत घातलंयस?" मी म्हटलं, हलू नकोस, तुझ्या नाकाचं माप चाललंय. "नाकाला काय मापायचं? दिसतंय की सगळ्यांना!" आणि एवढं बोलून त्याने चाचणीचा सोलबोला खाऊन टाकला. दुसरा दिला. तोही खाल्ला. पाचव्यानंतर मी त्याला लाकडाचा ओंडका दिला, तर रुसून निघून गेला.

आता झेब्रा. तुला समजावून सांगायची गरज नाही, पण सांगतो, कारण गेली सात वर्षं तू लिंबं सोडून कशाकडे पाहिलेलं नाहीस. कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीत डोळा लावला की जिथे उजेड ठरल्या मापाला पोचला, तिथे बारीक तिरपे पट्टे सळसळतात. माझा झेब्रा शंभरावर. म्हणजे पट्टे दिसले की समज, इथे आता पांढऱ्याखेरीज काही उरलं नाही, आयरिस आवळ. तुझा झेब्रा सत्तरावर. म्हणजे माणसाच्या गालावर, कपाळावर पट्टे आले की चेहरा अगदी नीट उजळलाय, आता हात लावू नकोस. पट्टे तेच, एकाला ते धोक्याचे, दुसऱ्याला शाबासकीचे. आणि अशा दोन माणसांना टीव्हीचं ऑफिस दरवर्षी एकाच गाडीतून, एकाच थर्मासवर, एकाच चार मिनिटांच्या सूर्यासाठी पाठवायचं. एक कॅमेरा थंडीने गारठला तर दुसरा असावा म्हणून.

ती गाडी आठवते? तिचा हीटर फक्त मागच्या सीटला तापवायचा, आणि मागच्या सीटवर असायच्या बॅटऱ्या. (बॅटऱ्या ऊबदार, आपण कुडकुडत. आणि उतरल्यावर त्याच बॅटऱ्या आपण काखेत घेऊन उभे, पिल्लं उबवावीत तसे.) गावघराच्या पायऱ्यांवर सगळं गाव, बँडवाल्यांचे ओठ पितळेला चिकटू नयेत म्हणून ते तोंडात पेपरमिंट चघळत उभे, पोरं कागदी सूर्य डोक्याला बांधून किंचाळायला टपलेली. आणि बरोबर समोर, डोंगराकडे पाठ करून, परात घेऊन गुनवोर. लोक सूर्याची वाट बघायचे आणि ती लोकांच्या हातात सोलबोले ठेवत सुटायची. मी एकदा विचारलं, अगं, वर्षातून एकदा येतो, एक क्षण वळून बघ तरी. तर म्हणाली, "मला कशाला वळायला हवंय? तो आला की तुमच्या थोबाडांवर दिसतोच की मला!" आणि नाकाला जॅम लागलेला.

आणि १९९८. ते साल तू माझ्या कबरीवरही कोरशील. उणे अठरा होतं. तू बोटं चोळत म्हणालास, "जरा गरम सोलबोला घेऊन येतो. तू कॅमेऱ्याकडे फक्त बघत राहा." फक्त बघत राहा, असं तू म्हणालास, हे मी आजही मान्य करतो. मी डोळा लावला. पाहतो तो काय, गुनवोरच्या कपाळावर पट्टे! पुढच्या रांगेतल्या सगळ्या गालांवर पट्टे! मनात आलं, बिचाऱ्या आर्नुल्फचं सगळं चित्र पांढरं होऊन जळतंय, आणि तो तिकडे खातोय. मेहुणा म्हणून माझं काही कर्तव्य होतं की नाही? मी तुझा आयरिस दोन घरं आवळला. पट्टे गेले, सूर्य वर आला, किती गोल, किती स्वच्छ! तू परत आलास, घाईत तसाच भिडलास, आणि संध्याकाळच्या बातम्यांत अख्ख्या देशाने पाहिलं की स्कार्डनेसला सूर्य उगवला, पण राहत कोणीच नाही. तेव्हापासून ईस्टरपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. रविवारच्या जेवणाला यायचास मात्र नेमाने, आणि गुनवोर मध्ये बसून टपाल वाहायची. "याला सांग, बटाटे दे." "त्याला विचार, सत्तराचे देऊ की शंभराचे." शेवटी ती म्हणाली, "तुम्हा दोघांपैकी एकालाही मी कशी दिसते याची पडलेली नाही, फक्त मी किती दिसते याची पडलीये!" आपण दोघंही हसलो. मला वाटतं, तू जरा उशिरा हसलास.

असो. तांत्रिक मुद्द्यावर येतो. मारेनबाई डिसेंबरात निकाल बघायला आल्या. मी आधी माझ्या बाजूच्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं. आर्नुल्फ, काय आकाश होतं ते! गुलाबीचे पाच थर मोजून घ्यावेत, डोंगराच्या धारेवरचा बर्फ दाणा दाणा वेगळा. मारेनबाईंनी डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे केलं आणि विचारलं, "आणि पेडेर कुठेय?" मी म्हटलं, तो काय, मध्यभागी. "तो? मला वाटलं तुझी शेगडी आहे." मग तुझ्या बाजूच्या कॅमेऱ्याचं लावलं. आकाश पार धुऊन निघालेलं, खिडकीत जणू चादर वाळत घातलीये, पण पेडेर असा स्पष्ट, की जबड्यावरची हनुवटीपर्यंत गेलेली जखमेची जुनी रेघ, ओठावरची साखर आणि माझ्यावरचा राग तिन्ही वेगवेगळे दिसत होते. बाई म्हणाल्या, हाच ठेव. मी सात पानं पुढे केली. त्यांनी ती उलटी धरून त्यांवर दुधाची यादी केली. (मागची बाजू कोरी होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.)

मला राग आला. चाळीस वर्षं ज्याने उजेडाचं माप घेतलं त्याला एक पोस्टमास्तरीण शिकवणार! म्हटलं, आता जुन्या टेपाच दाखवतो. टेप वाजवायचं यंत्र माळ्यावरून काढलं, धूळ पुसली, खुर्ची ओढली आणि १९८९ पासून बघायला बसलो. चोवीस टेपा, तीन दिवस. सूर्याबद्दल मी एक शब्द ऐकून घेणार नाही. चोवीसही बरोबर आहेत. १९९३ चा ढगाच्या कडेतून निघालेला आहे, २००४ ला त्याच्याभोवती कडं आहे, शाळेत लावावेत असे सूर्य आहेत. आणि त्या प्रत्येक सूर्याखाली मध्यभागी एक काळी बाई, काळी परात घेऊन उभी आहे.

टोपीवरून ओळखू येते. एक पाय आपटत उभी राहायची त्यावरून ओळखू येते. १९९६ ला ती पोटभर हसते आहे, खांदे हलताना दिसतात, आवाजही येतो, पण तोंडाच्या जागी कोळसा. काळं उचलून, म्हणजे उजळून पाहिलं, जितकं यंत्रात उचलता येतं तितकं. तर चेहरा येण्याऐवजी मुंग्या आल्या. टेपेत जे कधी उतरलंच नाही ते मागाहून कुठून आणणार, हे मी स्वतः नवशिक्यांना शिकवलंय. घरी तिने मला कधी कॅमेरा धरू दिला नाही, हात आडवा घालायची. सूर्यदिनाला तेवढे तिचे दोन्ही हात परातीत अडकलेले असायचे. वर्षातून चार मिनिटं मला ती मिळायची, आणि मला त्या चार मिनिटांत सूर्याची काळजी.

आणि आणखी एक. मी इतकी वर्षं समजत होतो की ती लोकांकडे बघायची. तिसऱ्या दिवशी मी टेप थांबवून थांबवून बघितलं. परात लोकांकडे जाते, हात लोकांकडे जातात, पण टोपी सरळ भिंगाकडे असते. दरवर्षी. चोवीस वर्षं ती माझ्याकडे बघत होती, आर्नुल्फ, आणि मी तिच्या खांद्यावरून डोंगराची धार तपासत होतो. तुझ्यापाशी कबूल करतो, मी खुर्चीत बसून मोठ्याने रडलो. पेडेर ओंडका परत द्यायला आला होता, तो दारातूनच मागे फिरला.

मग साहजिकच सप्टेंबर आठवला. शवपेटीवर ठेवायला मीच तिचा फोटो निवडला होता, मीच छापला होता, खिडकीपाशी बसलेली, मागे बर्फ. आणि कॉफीच्या वेळी, पाद्रीबुवांच्या तोंडात केकचा तुकडा असताना, तू म्हणालास, "इथेसुद्धा तिला अंधारातच ठेवलंस, ओडवार." मी म्हटलं, मागे बर्फ होता, तो जळू द्यायचा होता का? तू म्हणालास, "हो!" पाद्रीबुवांना ठसका लागला. त्यानंतर आपण बर्फाच्या बाजूने आणि विरुद्ध इतकं बोललो की निरोप घ्यायचा राहिला. त्या दिवशी मी मनात तुला नाही नाही ते बोललो. आता तोच फोटो रोज बघतो. चेहऱ्यावर उजेड दीड घर कमी आहे. दोन म्हणणार असशील तर म्हण, मी भांडणार नाही.

बाकी सर्व क्षेम. मारेनबाई तुझी आठवण काढतात, पेडेर काढत नाही पण तो कोणाचीच काढत नाही. तिकडच्या उन्हात डोक्याला जप.

तुझा मेहुणा,
ओडवार

ता.क. पुढच्या खेपेला बदाम पाठवू नकोस, माझ्या दातांना झेपत नाहीत. मारेनबाईंना तुझ्या बाजूचा कॅमेरा ठेवायला सांगितलंय. त्यांनी तो आधीच ठेवला होता, पण आता ते माझ्या संमतीने आहे. झेब्रा सत्तरावर लावलाय. यादीत शिरून तो सापडायला एक दिवस गेला, हे मात्र नोंदवून ठेव.

ता.क. दुसरा. ऑफिसने तुझ्या टेपा पुसल्या, पण नकला तू घरी नेत होतास, हे मला गुनवोरने सांगितलं होतं, आणि त्यांची ट्रंक तू स्पेनला नेलीस हे मी स्वतः पाहिलं होतं. (तेव्हा मी हसलोही होतो.) त्यांतली एक पाठव. कुठल्याही सालची चालेल. पुढे २३ तारखेला गावघरात सगळे जमणार आहेत, मारेनबाईंना मी अजून सांगितलेलं नाही की माझ्याकडे काही नाही. पण खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी मागत नाही. मला तिचं तोंड बघायचंय.

ता.क. तिसरा. पाठवण्याआधी चित्र सुधारायला बसशील, मी तुला ओळखतो. मला खूश करायला सूर्य सावरू बघशील. काही करू नकोस. तो जळलेला असेल तर जळू दे, सबंध आकाश पांढरं फटक असू दे. सूर्य माझ्याकडे चोवीस आहेत.